सामंत सरांच्या देवळात घंटा नाही

आमच्या ऑफिसच्या दाराशी चपलांचा ढीग पडलेला दिसला की मला सामंत सरांची आठवण येते. सर होते तोवर असा ढीग कधी दिसला नाही. आत गालिचा आणि महागडी यंत्रं, म्हणून सगळ्यांनी पायातलं बाहेर काढायचं, हा आमच्या केतनचा नियम. केतन म्हणजे आमचा मालक, घाटकोपरचा. नियम त्याचा, पण व्यवस्था सरांची. सकाळी आले की स्वतःच्या चपला काढायचे आणि मग अनवाणी पायानेच, अजिबात न वाकता, सगळ्यांच्या जोड्या सरळ करत जायचे. तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना पाय घातला की चालायला लागायचं. कोण आलंय, कोण नाही, हे त्यांना दारातच कळायचं. ‘सिद्धार्थ आज उशीर करतोय वाटतं,’ असं म्हणतच आत शिरायचे.

‘सर, राहू द्या ना, कशाला करताय?’ असं मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

‘सवय आहे गं. मी जन्मभर चपलाच सांभाळल्यात,’ सर म्हणाले. बोरिवलीत राहणारा, कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेला प्राध्यापक असं का बोलतोय, हे मला तेव्हा काही कळलं नाही. वाटलं, असेल काहीतरी म्हाताऱ्या माणसाचं.

आमचं ऑफिस म्हणजे मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही देवळं बनवतो. दिवसभर खालून गोंदाचा वास आणि कटिंग मशीनचा खटखटाट. म्युझियममध्ये आलेल्या माणसाने डोळ्यांवर हेडसेट चढवला की त्याला आपण जुन्या काळात उभे आहोत असं वाटलं पाहिजे, मान वळवली की मागचंही दिसलं पाहिजे, हात पुढे केला की स्वतःचा हात दिसला पाहिजे, हे आमचं काम. त्या वर्षी आम्हाला ग्रीस मिळालं होतं. समुद्रात घुसलेल्या एका टेकाडावर, सूनियन नावाच्या ठिकाणी, त्यांच्या समुद्रदेवाचं संगमरवरी देऊळ होतं. आज तिथे थोडे खांब उरलेत. आम्ही ते सबंध उभं करायचं होतं.

सरांना आमच्या गळ्यात म्युझियमने बांधलं. कामात चुका नकोत, एक जाणकार बरोबर असू दे, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला वाटलं, येतील, मान हलवतील, चहा पिऊन जातील. कसलं काय! सर रोज यायला लागले. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, बारा महिने छत्री, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कुळथाच्या पिठीचा डबा. पत्नी गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करत, आणि त्यांना ती एकच गोष्ट जमत असे. डबा हटकून पिशवीत सांडायचा. दर वेळी सर म्हणायचे, ‘आज झाकण नीट लावलं होतं रे,’ आणि आम्ही सगळे आपापल्या डब्यातली एकेक पोळी त्यांच्या पुढ्यात ठेवायचो.

मूळचे देवगडकडचे. एरवी मराठी अगदी वर्गात शिकवल्यासारखी स्वच्छ, पण पारा चढला की मालवणी. ‘अगो बाये, ह्यां काय करून ठेवलंस?’ असं कानावर आलं की समजायचं, आपली वाट लागली. एकदा मी विचारलं, की रागावल्यावरच मालवणी का? तर म्हणाले, ‘घरी कुमुदशी मालवणीतच बोलायचो. आता बोलायला कोणी नाही. म्हणून तुमच्यावर ओरडताना वापरून घेतो.’ हे असं हसत हसत बोलायचे.

त्यांचा लाडका शब्द ‘वायंच’. वायंच म्हणजे जरा. ‘वायंच थांब’ हे शब्द मी त्या वर्षात जेवढ्या वेळा ऐकले तेवढ्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. आपण काहीतरी भराभर उरकत असलो की मागून आलंच, ‘वायंच थांब.’ आणि मग खुर्ची ओढून, ‘तर असं आहे की...’ अशी सुरुवात. वाकोल्याचा सिद्धार्थ आमचा प्रोग्रॅमर, महा वात्रट. त्याच्या शेजारी मालवणी लोक, त्यांच्या देवापुढच्या गाऱ्हाण्यात सगळे मिळून म्हणतात ते ‘व्हय महाराजा’ त्याने लहानपणापासून ऐकलेलं. सर ‘तर असं आहे की’ म्हणाले की हा मागून ओरडायचा, ‘व्हय महाराजा!’ पुढे पुढे सगळं ऑफिसच ओरडायला लागलं. आम्हाला वाटलं, आता तरी आटोपतं घेतील. सर उलट खूश. व्हय महाराजा मिळालं की तासभर निश्चिंती.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं खांबावरून. देवळाचे खांब माझ्याकडे होते. आता असे खांब नेटवर तयार मिळतात. एक घ्यायचा, त्याच्या प्रती काढायच्या, रांगेत मांडायच्या, संपलं. मी तेच केलं होतं. सर मागे येऊन उभे राहिले, मला तो खांब स्क्रीनवर गोल फिरवायला लावला आणि बोटाने त्याच्या उभ्या खाचा मोजायला लागले. माझ्या स्क्रीनला मी नवऱ्यालाही हात लावू देत नाही.

‘वायंच थांब. ह्या वीस आहेत.’

‘मग?’

‘आपल्या देवळाच्या खांबाला सोळा. हा दुसऱ्या देवळाचा खांब आहे, मृणाल. तू चोरून आणलायस.’

‘विकत घेतलाय, सर. आणि घंटा कोणाला कळणारे!’ माझ्या तोंडून निघून गेलं. मुलुंडला वाढलेली मी, तोंडाला कुलूप कुठून असणार? पण वडिलांच्या वयाच्या माणसासमोर असं बोललेलं मलाच कसंतरी वाटलं. सर रागावले नाहीत. गंभीर चेहरा करून म्हणाले, ‘घंटा हा शब्द आपण जपून वापरू. त्या देवळात घंटा नव्हती.’ सिद्धार्थ खुर्चीवरून पडायचा राहिला. खांब मी पुन्हा केले, सगळेच्या सगळे. शिव्या घालत केले, पण केले.

रंगाचंही तसंच. संगमरवर पांढराशुभ्र ठेवावा असं आम्हा सगळ्यांच्या मनात. सर म्हणाले, खांबांच्या वरच्या पट्टीला लाल आणि निळा हवा, ते लोक रंगवायचे. केतनने ते बघून डोक्याला हात लावला. ‘सर, हे गणपतीच्या मखरासारखं दिसतंय!’

‘मग बरोबर जमलंय,’ सर म्हणाले.

समुद्राचा आवाज घ्यायला आम्ही मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो होतो. सर छत्री उघडून बोटीत उभे, सिद्धार्थ माइक पोटाशी धरून. पलीकडे उतरलो, किनाऱ्यावर गेलो, सिद्धार्थने छान शांत आवाज टिपला. सरांनी कानाला लावून ऐकला आणि मान हलवली. ‘ही ओहोटी आहे. चिखल बोलतोय. त्यांच्याकडे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच.’ झालं! पाणी वर चढून खडकांना लागेपर्यंत आम्ही ताटकळत बसलो. तेवढ्यात सरांनी एका मावशींकडून सुके बोंबील घेतले, भावावरून हुज्जत घातली आणि त्यांच्या गावाकडच्या कोणाची तरी ओळखही काढली. भरती आली तेव्हा वारा सुटला होता. तो आवाज मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, ‘चालेल. पण कुठला आहे ते लिहायचं.’ म्हणून आज म्युझियममध्ये नावांच्या पाटीवर सगळ्यात खाली लिहिलेलं आहे: ‘समुद्र: मनोरी’. लोक वाचतात आणि हसतात.

देवाधर्माच्या बाबतीत सर कोरडे. सिद्धार्थने एकदा सरळच विचारलं, ‘सर, तुम्ही देव मानता की नाही?’

‘माझं देवाशी भांडण नाही रे. ओळख नाही, एवढंच. ओळख आमच्या कुमुदची होती.’

आणि मग चपलांचं कोडं सुटलं. कुमुदताई दर मंगळवारी गल्लीतल्या गणपतीला जायच्या. सर बरोबर जायचे, पण आत नाही. पायरीशी उभे राहून तिच्या चपला सांभाळायचे. नुसतं उभं राहून कंटाळा यायचा म्हणून शेजारच्या चपलाही पायाने सरळ करायचे. एका बाईने तर आपल्या चपला त्यांच्या हातात देऊन टोकन मागितलं होतं. ‘मग?’ आम्ही विचारलं. ‘मग काय? टोकन नव्हतं, पण चपला सांभाळल्या की!’ अडचण एकच असायची. पोरं सारखी वाजवतात म्हणून पुजाऱ्याने घंटा उंच टांगलेली, आणि कुमुदताई चणीने लहान. त्यांचा हात पुरत नसे. मग सर पायऱ्या चढून दारापर्यंत जायचे, तिच्या डोक्यावरून हात वर करून घंटा वाजवायचे, आणि ती आत गेली की उलट्या पावली खाली येऊन पुन्हा चपलांशी उभे.

‘म्हणजे घंटा तुम्हीच वाजवायचात!’ सिद्धार्थ म्हणाला.

‘तिच्या वतीने. माझ्या वतीने एकदाही नाही,’ सर म्हणाले. आणि डब्याचं झाकण लावून उठले.

निवृत्त झाल्यावर दोघं ग्रीसला जाणार होते. आयुष्यभर वर्गात पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. पासपोर्ट निघाले, स्वेटर घेऊन झाले, आणि कुमुदताईंचं दुखणं उपटलं. त्यातून त्या उठल्या नाहीत. ‘अहो सर, आता एकटे जाऊन या ना,’ असं मी म्हणाले होते. सर म्हणाले, ‘जाईन. पण तिथे उभं राहून सांगू कोणाला, की हे बघ, हे असं आहे?’ तेव्हाच मला स्वच्छ कळलं होतं, की हे देऊळ म्हणजे सरांचं काम नव्हे. कुमुदताईंना दाखवायचं राहून गेलेलं ग्रीस ते मरोळच्या गाळ्यात बसून एकेक दगड निरखत बांधून घेत होते.

आणि गंमत म्हणजे हा माणूस हेडसेट घालायला तयार नव्हता. त्याला ते ‘झापड’ म्हणत. आम्ही देवळात फिरायचो आणि सर बाजूच्या पडद्यावर बघून चुका काढायचे. ‘तां झापड माका नको. चक्कर येते.’ कधी चक्कर, कधी मानेचं दुखणं, कधी नुकतंच जेवण झालंय. निमित्त रोज नवं.

काम होत आलं तसं चाचणीसाठी आम्ही मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिकांचा एक गट बोलावला. माझ्या आईच्याच ओळखीतली मंडळी. म्युझियमकडून हे काम बघणाऱ्या मॅडमही आल्या होत्या. पहिल्या आजींना हेडसेट लावला. त्या टेकाड चढल्या, समुद्र बघून ‘अगं बाई’ म्हणाल्या, देवळाच्या पायरीशी थबकल्या आणि विचारलं, ‘चपला कुठे काढू?’ पायात काही नव्हतंच. चपला मघाशीच दाराबाहेर काढलेल्या. आम्ही हसलो. मग आजी दाराशी आल्या, आणि त्यांचा उजवा हात वर गेला. हवेत चाचपडला. इकडे शोधलं, तिकडे शोधलं.

‘काय शोधताय, आजी?’

‘घंटा कुठाय गं?’

त्यांच्यामागून आलेल्या काकांचं तेच. त्यांच्यामागच्या मावशींचं तेच. सगळ्यांना माहीत होतं की हे ग्रीस आहे, देव आपला नाही, देऊळ खरं नाही. पण दार आलं की हात वर. कोणाला सांगावं लागत नव्हतं. एक काका तर एवढ्या उत्साहाने वाजवायला गेले, की शेजारी उभ्या सिद्धार्थच्या चष्म्याची काडी मोडली.

मॅडम जाम खूश झाल्या. ‘किती गोड आहे हे! मग लावून टाका ना एक घंटा. हात लावला की वाजेल. मुलांना तर काय आवडेल!’

‘झकास!’ केतन म्हणाला. ‘दोन दिवसांत करून देतो.’

‘नाही,’ सर म्हणाले.

एवढ्या हळू म्हणाले की मॅडमना ऐकूच गेलं नाही. त्या गेल्यावर केतनने सरांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही त्याने. सरांवर आमच्यापैकी कोणीच कधी आवाज चढवला नाही. ‘सर, छोटीशी घंटा. कोपऱ्यात. कोण ग्रीसवरून चेक करायला येणारे?’

‘कोणी नाही. म्हणूनच.’

‘सर, मॅडमनी अडवून धरलं तर सगळं काम लटकेल ना! घंटा नाही तर उद्घाटन नाही असं झालं तर?’

‘मग घंटा लाव. पण माझं नाव काढ, आणि मला उद्यापासून बोलावू नकोस,’ सर म्हणाले. छत्री उचलली आणि बाहेर गेले.

केतन माझ्याकडे बघत राहिला. ‘एवढ्याशा घंटेसाठी, यार? आख्खं वर्ष घातलंय त्यांनी ह्यात!’ मलाही तेच वाटत होतं. सगळं देऊळ आपलं म्हणून उभं केलं आणि आता एका घंटेपायी त्यावर पाणी सोडायचं? मी रागातच त्यांच्यामागे गेले. सर कुठे गेले नव्हते. दाराबाहेर ज्येष्ठ नागरिकांच्या चपला पसरल्या होत्या, मंडळी आत चहा घेत होती, आणि सर पायाने एकेक जोडी सरळ करत होते.

‘सर, का असं करताय? तुम्हाला घंटा वाजवायची सवय आहे की! कुमुदताईंना तर आवडलीच असती.’

‘तिने विचारलं होतं,’ सर चपलांकडे बघतच म्हणाले. ‘तुमच्या त्या देवळात घंटा असता काय, म्हणून. मी म्हटलं, नाय. तर म्हणते कशी, मगे माका कित्याक नेतास? घंटाच नसेल तर मला कशाला नेताय? मी म्हटलं, बरंच आहे की, हात पुरायचा प्रश्न नाही. हसली. पुढे हॉस्पिटलमध्येही तेच आठवून हसायची. नर्सला सांगायची, आम्ही बिनघंटेच्या देवळात जाणार आहोत.’ शेवटची जोडी त्यांनी सरळ केली. ‘आता मी तिथे घंटा टांगू? मी तिला सांगितलंय, मृणाल. नाही म्हणून सांगितलंय.’

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, तिथेच त्या खोक्यांच्या जिन्यात मी डोळे पुसत उभी राहिले, आणि हमालांना वाट द्यायला सरांनीच मला बाजूला ओढलं.

दुसऱ्या दिवशी सर येणार नाहीत असं धरून मी आले, तर दाराशी चपला रांगेत. सर सिद्धार्थच्या खुर्चीशेजारी बसून आदल्या दिवशीच्या चाचणीचं रेकॉर्डिंग बघत होते. पहिल्या आजींचा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. आजींचा हात वर चाचपडून हळूहळू खाली येतो, आणि त्या ओशाळून तो पदराला पुसतात, एवढंच दिसत होतं.

‘हात रिकामा खाली आला गो तिचा,’ सर म्हणाले. ‘हे बरोबर नाही.’ मग सिद्धार्थला विचारलं, ‘देवळात घंटा वाजली की काय होतं रे?’

‘देवाला कळतं आपण आलोय.’

‘ते त्याचं झालं. आपलं काय होतं?’

सिद्धार्थने विचार केला. ‘तेवढा वेळ दुसरं काही ऐकू येत नाही.’

‘तेवढं देऊया त्यांना. मी गप्प बसतो.’

म्हणजे काय, ते आधी कोणालाच कळलं नाही. आमच्या देवळात फिरताना कानात माहिती चालू असते, आणि ती सरांच्याच आवाजात आहे. टेकाडाच्या पायथ्यापासून सुरू होते ती देवळाच्या दारातही चालूच. खांब, छत, मूर्ती, काही म्हणून सोडलेलं नाही. सरांनी ते निवेदन जिवापाड मेहनत घेऊन लिहिलं होतं, आणि दाराशी येणारा भाग तर त्यांचा सगळ्यात आवडता. तोच ते कापायला सांगत होते. माणूस दाराशी आला आणि त्याने हात वर केला, की सरांचा आवाज थांबला पाहिजे आणि खालचा समुद्र ऐकू आला पाहिजे. भरतीचा, खडकांवर आपटणारा. हात खाली येईपर्यंत फक्त समुद्र.

‘समुद्र तर तिथे होताच,’ सर म्हणाले. ‘त्यात खोटं काही नाही. मीच इतका बोलत होतो की तो कोणाला ऐकू येत नव्हता.’

‘व्हय महाराजा,’ सिद्धार्थ म्हणाला. पण अगदी हळू म्हणाला.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा केतनने त्यांना काही सांगितलं नाही, सरळ हेडसेट चढवला. दाराशी त्यांचाही हात वर गेला. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात वर धरून, बराच वेळ. हेडसेट काढल्यावर घंटेचं नावही काढलं नाही. उद्घाटन कधी ठेवायचं, एवढंच विचारलं. केतनने मला डोळा मारला आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले. सरांनी दोन खाल्ले.

उद्घाटनाला सर आले नाहीत, ताप आला म्हणून निरोप धाडला. पुढचे काही आठवडे यंत्रांवर लक्ष ठेवायला मी म्युझियममध्येच बसत होते. एका दुपारी दारात छत्री दिसली. बरोबर एक जुनी बॅग.

‘कुठे निघालात, सर?’

‘गावाला. कायमचा. पुतण्या म्हणतो, ये. बोरिवलीच्या घराची चावी आत्ताच देऊन आलो.’ हे इतक्या सहज म्हणाले, की मला ते समजायला वेळ लागला.

‘मग आता तरी घालून बघा. मी धरते तुम्हाला, चक्कर आली तर.’

‘त्याच्यासाठीच इलंय,’ सर म्हणाले.

सरांनी सवयीने चपला बाजूला काढल्या. मी त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट बसवला, मागचा पट्टा आवळला. त्यांना जे दिसत होतं ते मला बाजूच्या पडद्यावर दिसत होतं, आणि त्यांच्या कानातलं छोट्या स्पीकरवर ऐकू येत होतं. सर टेकाड सावकाश चढले. वाटेत थांबून समुद्राकडे बघितलं. पहिल्या खांबापाशी आले आणि त्यांचं बोट हलायला लागलं. मोजत होते!

‘बरोबर आहेत ना?’ मी विचारलं.

‘असत, असत.’

मग दार आलं. स्पीकरवर सरांचाच आवाज पायऱ्यांबद्दल सांगत होता. सर दारात थांबले आणि त्यांनी उजवा हात वर केला. सगळे करतात तसा स्वतःच्या डोक्यावर नाही. जरा पुढे, पुढे कोणीतरी उभं असावं आणि त्याच्या डोक्यावरून न्यावा तसा. त्यांचा आवाज थांबला. मनोरीचा समुद्र ऐकू यायला लागला.

इथून लोक हात खाली घेतात आणि आत जातात. सर आत गेले नाहीत. हात खाली घेतला, आणि उलट्या पावली मागे आले, पायऱ्या उतरून, अगदी पहिल्या पायरीपर्यंत. तिथे बाजूला होऊन उभे राहिले आणि मान खाली घातली. पडद्यावर नुसती रिकामी पांढरी पायरी दिसत होती. म्युझियमच्या गालिचावर सरांचा अनवाणी पाय पुढे सरकला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. एक जोडी सरळ केली त्यांनी. मग हात पाठीमागे बांधले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

मागे रांगेत एक कुटुंब ताटकळत होतं. ‘यांचं झालं का हो?’ त्यातल्या गृहस्थांनी विचारलं.

मी सरांच्या जवळ गेले. हळूच म्हणाले, ‘सर, आत नाही जायचं?’

‘वायंच थांब गो,’ सर म्हणाले. ‘ती भायर येतली.’

मी मागे वळले आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, की मशीन गरम झालंय, थोडा वेळ लागेल.